बंदिशाळेतील तत्त्वचिंतन

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नाशिक रोड येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी पंडित नाही. आयुष्यभर मुलांना शिकविले आणि फावल्या वेळी थोडेबहुत वाचले, एवढीच माझी पुंजी. गुणवंत विद्यार्थ्यांना आज बक्षिसे वाटावयाची आहेत, तेव्हा शिक्षणाविषयी काही सांगावे असे प्रथम मनात होते. परंतु गेल्या महिन्यात आपल्यापैकीच एका घरी गेलो असता, महाविद्यालयात शिकणाऱ्या एका हुशार मुलाने मला विचारले, “मास्तर, तत्त्वज्ञान शिकून पोट भरते का?” प्रश्नात उद्धटपणा नव्हता. खरोखरीच जाणून घेण्याची इच्छा होती. त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. आज मात्र सर्वांच्या समक्ष त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करावा असे ठरविले आहे.

त्या मुलाच्या मनात जी समजूत होती ती पुष्कळांच्या मनात असते. तत्त्वज्ञान हा रिकामटेकड्यांचा उद्योग. पोट भरलेले, नोकरीतून निवृत्त झालेले, आरामखुर्चीत बसलेले लोक जगाविषयी जे बोलतात ते तत्त्वज्ञान, अशी ही समजूत आहे. ती खरी असती तर मोठमोठे तात्त्विक विचार राजवाड्यांत आणि हवेल्यांत जन्मास आले असते. पण इतिहास पाहता असे दिसते की, त्यांतील काही अत्यंत महत्त्वाचे विचार अशा ठिकाणी जन्मास आले, जेथे आराम नाही, मान नाही आणि दाराची कडी स्वतःच्या हाती नाही. ते ठिकाण म्हणजे तुरुंग.

आणि तुरुंगाविषयी बोलण्याचा अधिकार नाशिक रोडच्या माणसाला नाही तर कोणाला असावा? आपल्या गावाला धड स्वतःचे नावसुद्धा नाही. नाशिकला जाणाऱ्या उतारूंचे स्थानक म्हणून ते वसले आणि स्थानकाचेच नाव गावाला पडले. पुढे १९२५ साली येथे सरकारी मुद्रणालय आले, १९२८ साली चलनी नोटांचा छापखाना आला, आणि त्यांच्या भोंग्यावर आपल्या घरांतील घड्याळे लावली जाऊ लागली. तिसरी मोठी वास्तू मध्यवर्ती कारागृहाची. तिच्यावरून जेल रोड हा भाग ओळखला जातो. आपल्यापैकी कित्येकांची घरे त्या भागात आहेत. पत्ता सांगताना ‘जेल’ हा शब्द आपण इतका सहज उच्चारतो की त्याचा अर्थच आपल्याला ऐकू येत नाही. त्या दगडी भिंतीच्या आत काय काय विचार झाले याची आठवण आपण क्वचितच करतो.

प्रथम तत्त्वज्ञानाचे प्रश्न कोणते ते थोडक्यात सांगतो. अठराव्या शतकातील जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने बुद्धीला पडणारे सर्व प्रश्न तीन प्रश्नांत एकवटले आहेत. मला काय कळू शकते? मी काय केले पाहिजे? आणि मी कशाची आशा धरावी? आपल्याकडील उपनिषदांनी व संतांनी या तिन्हींच्या मुळाशी आणखी एक प्रश्न घातला. तो म्हणजे, मी कोण? या चार प्रश्नांना अडीच हजार वर्षांत शेकडो उत्तरे मिळाली, तरी प्रश्न शिल्लकच आहेत. ते सुटत नाहीत म्हणून निरुपयोगी आहेत असे मात्र कोणी समजू नये. भूक रोज लागते म्हणून जेवण व्यर्थ ठरत नाही. हे प्रश्नही तसेच आहेत. प्रत्येक माणसाला आपल्या वाट्याचे उत्तर आपणच शिजवावे लागते.

तुरुंग आणि तत्त्वज्ञान यांची गाठ जगाच्या इतिहासात फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व ३९९ साली अथेन्स नगरीत सॉक्रेटीस या सत्तर वर्षांच्या वृद्धास मृत्युदंड झाला. डेलॉस बेटाकडे धार्मिक यात्रेस गेलेले जहाज परत येईपर्यंत कोणास देहदंड द्यावयाचा नाही असा तेथील नियम होता, म्हणून त्याला काही दिवस तुरुंगात मिळाले. त्याचा मित्र क्रिटो पहाटे भेटीस आला आणि पळून जाण्याची सर्व सिद्धता झाली असल्याचे त्याने सांगितले. पहारेकरी वश झाला होता, पैशाची सोय झाली होती. सॉक्रेटीसाने नकार दिला. ज्या नगरीच्या कायद्याच्या छत्राखाली आपण जन्मलो, वाढलो, संसार केला, त्या कायद्याचा निर्णय आपल्याविरुद्ध गेला म्हणून तो मोडावा काय, हा त्याचा प्रश्न होता. कायदा आपल्या सोयीपुरता मानावयाचा नसतो, हे त्याने प्राण देऊन सांगितले. हा मुद्दा आपण लक्षात ठेवावा अशी माझी विनंती आहे. शेवटी मला त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. १८८२ सालच्या जुलै महिन्यात पुण्याचे दोन तरुण मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात दाखल झाले. कोल्हापूरच्या कारभाऱ्यावर केलेल्या टीकेमुळे त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला होता. दोघेही १८५६ साली जन्मलेले, म्हणजे अवघ्या सव्वीस वर्षांचे. एक गोपाळ गणेश आगरकर, दुसरे बाळ गंगाधर टिळक. चार महिन्यांच्या शिक्षेपैकी १०१ दिवस काढून ते सुटले, आणि त्या दिवसांची हकीकत आगरकरांनी त्याच वर्षी पुस्तकरूपाने लिहिली. एकाच कोठडीत दोन मित्र, दोघेही बुद्धिमान, दोघेही देशासाठी आयुष्य वाहिलेले. त्यांच्या चर्चा रात्री इतक्या रंगत की पहारेकऱ्यांना त्यांना गप्प करावे लागे. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतर करण्याच्या कामी आगरकरांनी तेथील दिवस खर्ची घातले, ‘विकारविलसित’ या नावाने ते १८८३ साली प्रसिद्ध झाले. काय करावे आणि काय करू नये या संशयात सापडलेल्या राजपुत्राचे ते नाटक आहे.

पुढे या दोन मित्रांचे मार्ग वेगळे झाले. आगरकरांनी मिल्ल आणि स्पेन्सर यांच्या विचारांतून बुद्धिप्रामाण्याची कास धरली. जी रूढी बुद्धीच्या कसोटीस उतरत नाही ती कितीही जुनी असली तरी सोडली पाहिजे, असे ते आपल्या ‘सुधारक’ पत्रातून सांगत राहिले, आणि १८९५ साली, एकोणचाळीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच गेले. टिळक लोकमान्य झाले. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात पाठविण्यात आले. तेथे १९१०-११ च्या हिवाळ्यात, काही महिन्यांच्या अवधीत, पेन्सिलीने त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहून काढले. १९१५ साली ते प्रसिद्ध झाले.

‘गीतारहस्या’चे दुसरे प्रकरण ‘कर्मजिज्ञासा’ हे आहे. दोन कर्तव्ये एकमेकांच्या आड आली असता माणसाने काय करावे, हा त्याचा विषय. आणि तेथे अर्जुनाच्या जोडीला टिळकांनी हॅम्लेटचाही दाखला घेतला आहे. ते वाचताना मला नेहमी वाटते की, डोंगरीच्या कोठडीत सव्वीसाव्या वर्षी सुरू झालेली चर्चा टिळक मंडालेत, मित्र जाऊन पंधरा वर्षे झाल्यावरही, पुढे चालवीत होते. ज्या मिल्ल-स्पेन्सरांना आगरकरांनी गुरुस्थानी मानले त्यांच्याच मतांचा टिळकांनी या ग्रंथात आदराने परामर्श घेतला आहे, आणि ती अपुरी का पडतात हे दाखविले आहे. मतभेद असावा तर असा. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहूनही चांगले मांडून मग त्याचे उत्तर द्यावे.

त्याच ग्रंथाचे दहावे प्रकरण ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ हे आहे. क्षणभर विचार करा. ज्याच्या कोठडीचे दार बाहेरून बंद होते, ज्याच्या पत्रांची संख्या सरकार ठरवीत होते, तो मनुष्य आत बसून आत्म्याच्या स्वातंत्र्यावर प्रकरण लिहीत होता. प्रश्न असा : माणसाचे आजचे आयुष्य जर त्याच्या मागील कर्माने बांधलेले आहे, तर त्याला मोकळीक कोठे उरली? वेदान्तशास्त्र कर्माचे दोन भाग करते. ज्याचे फळ भोगावयास सुरुवात झाली ते आरब्ध, आणि ज्याची झाली नाही ते अनारब्ध. सुटलेला बाण परत घेता येत नाही, तद्वत आरब्ध भोगूनच संपवावे लागते. परंतु पुढील कर्म कोणत्या बुद्धीने करावयाचे, हे निवडण्याची शक्ती आत्म्याच्या ठिकाणी आहे, असे टिळकांचे प्रतिपादन आहे. हे नुसते पुस्तकी पांडित्य नव्हते. १९१२ साली पत्नीच्या निधनाची वार्ता त्यांना त्याच तुरुंगात ऐकावी लागली, आणि त्यानंतरही दोन वर्षे तेथेच काढावी लागली.

मंडालेनंतर वीस वर्षांनी असाच प्रसंग आपल्या शेजारच्या खानदेशात घडला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात सत्याग्रही बंदीजनांपुढे विनोबा भावे यांनी गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारीच्या रविवारी पहिले आणि १९ जूनच्या रविवारी अठरावे. अठरा रविवार, अठरा अध्याय. विनोबा बोलत आणि साने गुरुजी लिहून घेत. आज घरोघरी असलेले ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक ते हेच. आपल्या नाशिक रोडच्या मुक्तिधाम मंदिराच्या भिंतींवर गीतेचे अठराही अध्याय लिहिलेले आहेत. दर्शनास जाताना आपण ते पाहतो. धुळ्याच्या तुरुंगातही तेच अठरा अध्याय होते. अंतर एवढेच की तेथे ते भिंतीवर नसून भिंतीच्या आतल्या माणसांच्या मनावर उमटत होते.

पहिल्याच प्रवचनात विनोबांनी एका न्यायाधीशाचा दृष्टांत दिला आहे. शेकडो अपराध्यांना त्याने फाशी सुनावली. पण एके दिवशी त्याचा स्वतःचाच मुलगा खुनाच्या आरोपाखाली त्याच्यापुढे उभा राहिला, आणि त्याबरोबर न्यायाधीशाला आठवले की फाशीची शिक्षा अमानुष आहे, तिने माणूस सुधारत नाही. युक्तिवाद खोटा होता असे नाही. परंतु तो बुद्धीतून निघाला नव्हता, ममतेतून निघाला होता. अर्जुनाचेही तसेच झाले, असे विनोबा सांगतात. काय करावे, हे ठरविताना आपला विवेक बोलतो आहे की आपपरभाव बोलतो आहे, हे आधी ओळखले पाहिजे.

आता आपल्या गावच्या कारागृहाकडे येतो. धुळ्याला प्रवचने लिहून घेणारे साने गुरुजी पुढे नाशिकच्या या तुरुंगात आले. अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले होते. तत्त्वज्ञानाचा अभ्यास करण्यासाठीच काढलेली ती संस्था, आणि साने गुरुजींनी काही काळ तेथे अध्ययन केले होते. म्हणजे शंकराचार्य, कांट, हेगेल यांची नावे त्यांना परकी नव्हती. असा मनुष्य नाशिकच्या कारागृहात लिहावयास बसला तेव्हा त्याने काय लिहिले? ९ फेब्रुवारी १९३३ रोजी सुरुवात करून १३ फेब्रुवारीच्या पहाटे त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून संपविले. पाच दिवसांत, दिवसा नेमून दिलेले काम करून उरलेल्या वेळात.

कोणी म्हणेल, ही आईची गोष्ट, येथे तत्त्वज्ञान कोठे आले? मी म्हणतो, मी काय केले पाहिजे, या प्रश्नाचे ते एक अत्यंत सरळ उत्तर आहे. पोहावयास भिऊन लपून बसलेल्या श्यामला ती माउली मारते आणि मग जवळही घेते. ती मुलाची चूक झाकत नाही आणि चुकल्याबद्दल त्याला परकाही करीत नाही. शिक्षा आणि माया यांचे एवढे नेमके प्रमाण मोठ्या ग्रंथांतही क्वचित सापडते. त्याच पुस्तकात लाकडांची मोळी उचलता येत नसलेल्या एका वृद्ध महार स्त्रीस हात देण्यास ती श्यामला सांगते. काळाराम मंदिराच्या दारी डॉ. आंबेडकर आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला होता, त्यास हे पुस्तक लिहिले गेले तेव्हा तीन वर्षे होत आली होती. मी कोण, हा प्रश्न त्या बंद दाराबाहेर उभ्या असलेल्या हजारोंनी साऱ्या हिंदू समाजास विचारला होता. साने गुरुजींनी त्याचे आपल्यापुरते उत्तर आधी आईच्या गोष्टीत दिले आणि मग १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या मंदिराचे दार सर्वांस उघडावे म्हणून दहा दिवस उपोषण करून दिले.

आपण येथे एका ज्ञातीचे म्हणून जमलो आहोत. ओळखीच्या माणसांनी एकत्र यावे, मुलांच्या शिक्षणास हातभार लावावा, अडल्यानडल्यास धावून जावे, यात गैर काही नाही. परंतु मी कोण, या प्रश्नाचे ज्ञाती हे पुरे उत्तर आहे असे कोणी मानील तर त्याने त्या बंद दाराची आठवण ठेवावी. घराला उंबरठा असावा. पण तो ओलांडता येण्याजोगा असावा.

त्याच सुमारास, १९३२-३३ मध्ये, याच नाशिकच्या कारागृहात आणखी एक मंडळी जमली होती. जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे ही नावे आपण जाणता. दारिद्र्याचे मूळ माणसाच्या मनात आहे की समाजाच्या रचनेत, यावर तेथे वाद झडत. त्या चर्चांतूनच १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष निर्माण झाला. गंमत अशी की, एकाच तुरुंगात एकच प्रश्न चर्चिणारी ही माणसे पुढे किती निरनिराळ्या वाटांनी गेली! जयप्रकाशांनी १९५४ साली विनोबांच्या भूदानकार्यास जीवनदान दिले. मसानी १९५९ साली निघालेल्या स्वतंत्र पक्षाचे, म्हणजे समाजवादाच्या अगदी विरुद्ध बाजूचे, पुढारी झाले. अच्युतराव राजकारण सोडून कृष्णमूर्तींच्या विचाराकडे वळले. यावरून कोणी म्हणेल की त्यांची विचारशक्ती कच्ची होती. मला उलट वाटते. प्रश्न खरा होता, म्हणूनच एका उत्तरावर तो संपला नाही.

आपल्या शेजारच्या भगूरचे सावरकर अंदमानात कोठडीच्या भिंतींवर कविता लिहीत, हे येथील लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु तो काव्याचा विषय, त्यावर अधिकारी माणसाने स्वतंत्रपणे बोलावे. मला मात्र येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. तुरुंगाने तत्त्वज्ञ घडतात असे माझे म्हणणे नाही. तसे असते तर प्रत्येक कारागृह विद्यापीठ झाले असते. लोकमान्यांना ग्रंथ मिळत होते. साने गुरुजींना कागद मिळत होता. बाहेर त्यांची वाट पाहणारा, त्यांना हार घालणारा समाज होता. याच भिंतींच्या आत ज्यांना कोणी हार घातला नाही असे हजारो लोक आले आणि गेले. मी कोण आणि मी काय करावे, हे प्रश्न त्यांनाही पडले असतील. ते कोणी लिहून घेतले नाहीत. त्यांच्यापैकी एकाची हकीकत मी आज सांगणार आहे. ती माझ्या कमीपणाची आहे, म्हणून इतकी वर्षे सांगितली नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी, आपल्याच एका कुटुंबातील, पैशाच्या एका व्यवहारात अपराध करून बसला. अपराध खरा होता. न्यायालयाने साडेतीन वर्षांची शिक्षा दिली आणि ती त्याने येथल्याच कारागृहात भोगली. तो सुटून आला त्यानंतर काही महिन्यांनी त्याच्या बहिणीचे लग्न ठरले. त्याची आई घरोघर अक्षता घेऊन फिरली. ‘जाऊ नका’ असे कोणी कोणास सांगितले नाही. कोणताही ठराव झाला नाही. फक्त त्या दिवशी प्रत्येकास दुसरे काहीतरी काम निघाले. मला ताप आला असल्याचे मी कळविले. मला ताप नव्हता.

चार-आठ दिवसांनी संध्याकाळी तो स्वतः माझ्या घरी आला. लग्नाचे लाडू घेऊन आला होता. रागाचा एक शब्द बोलला नाही. मी त्याला शाळेत असताना वाचावयास दिलेले ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्याच्या घरीच राहिले होते, ते त्याने परत आणले होते. आत असताना तेथील ग्रंथालयातून घेऊन पुन्हा दोनदा वाचले, असे तो म्हणाला. मग थोडा वेळ थांबून त्याने विचारले, “मास्तर, न्यायाधीशसाहेबांनी मला साडेतीन वर्षे सांगितली होती. ती मी एकेक दिवस मोजून पुरी केली. आता ही जी चालू आहे तिची मुदत कोणाला विचारायची?”

मी त्याला चहा दिला, आणि “होईल हळूहळू सगळे ठीक” असे काहीतरी बोललो. तो नमस्कार करून गेला. पुढे ते कुटुंब परगावी गेले. तो आज हयात नाही. कोणी त्याचे नाव विचारू नये. मी सांगणार नाही.

बंधुभगिनींनो, त्या मुलाच्या प्रश्नापुढे मी मघाशी सांगितलेल्या सर्व थोर पुरुषांना एकेक करून उभे करून पाहिले आहे. आगरकर विचारतील की, शिक्षा भोगून झाल्यावर पुन्हा शिक्षा देण्यास बुद्धीचा आधार कोणता? रूढीखेरीज दुसरा मला सापडत नाही. लोकमान्यांच्या विवेचनाप्रमाणे पाहिले तर त्याचे आरब्ध भोगून सरले होते. पुढले कर्म निवडण्यास तो मोकळा होता, आणि त्या मोकळ्या वाटेवर आम्ही भिंत घातली. विनोबांचा न्यायाधीश मला आरशासारखा दिसतो. त्याला आपल्या मुलापुरती दया आठवली. आम्हाला दुसऱ्याच्या मुलापुरती नीती आठवली. दोष एकच आहे, फक्त उलट्या बाजूने. श्यामच्या आईने काय केले असते ते सांगावयास नको. ती लग्नाच्या आदल्या रात्रीच पुऱ्या लाटावयास गेली असती.

आणि सॉक्रेटीस? त्याच्याकडे परत येईन असे मी म्हटले होते. तो मला सर्वांत अधिक बोचतो. आम्ही स्वतःला कायदा मानणारी, अब्रूने राहणारी माणसे समजत होतो, आणि त्याच अभिमानाने आम्ही घरी बसलो. परंतु ज्या कायद्याने त्या तरुणास अपराधी ठरविले त्याच कायद्याने ठरावीक दिवशी त्याला मुक्त ठरविले होते. पहिला निकाल आम्ही मानला, दुसरा मानला नाही. सॉक्रेटीसाने आपल्याविरुद्ध गेलेला निकालही पाळला. आम्हाला दुसऱ्याच्या बाजूचा निकाल पाळणे जमले नाही. न्यायाधीश शिक्षा देताना तिला मुदत घालतो. कायद्याच्या शिक्षेत आणि लोकांच्या शिक्षेत मोठा भेद आहे तो हाच. लोकांच्या शिक्षेला मुदत नसते, आणि ती दिली हे कोणी कबूलही करीत नाही.

म्हणून त्या हुशार मुलाला माझे उत्तर असे आहे. बाळ, तत्त्वज्ञानाने पोट भरत नाही हे खरे. त्यासाठी तू दुसरे काही अवश्य शीक. परंतु एखाद्या संध्याकाळी कोणी माणूस तुझ्या दारी येईल, लाडवांचा पुडा पुढे ठेवील आणि एक साधा प्रश्न विचारील. त्या वेळी तुझी पदवी, तुझा पगार, तुझी ज्ञाती यांपैकी काहीही तुला उत्तर सुचविणार नाही. त्या प्रश्नाचा विचार आधी करून ठेवलेला असेल तरच तू चहा देऊन त्याची बोळवण करणार नाहीस. तत्त्वज्ञान शिकावयाचे ते यासाठी. माझ्याजवळ ग्रंथ होते. ते मी वाचलेही होते. पण ते माझ्या घरच्या दारापर्यंत आलेले नव्हते. ग्रंथ दारापर्यंत आणणे हेच कठीण आहे.

मंडळापुढे मी एक नम्र सूचना ठेवतो. आपल्या समाजातील कोणी आपली शिक्षा भोगून घरी परत आला, तर त्याच्या घरच्या पहिल्या कार्यास मंडळाच्या पदाधिकाऱ्यांपैकी एकाने तरी आवर्जून जावे. ठराव करावा असा माझा आग्रह नाही, कारण न जाण्याचा ठरावही आपण केला नव्हता. जेवढ्या सहज आपण घरी बसलो तेवढ्याच सहज जावे. मी वयाने थकलो आहे, तथापि माझ्या हयातीत असा प्रसंग आला तर मला अवश्य बोलवावे. ताप असला तरी मी येईन.

येथील छापखान्यात नोटा छापल्या जातात हे आपण अभिमानाने सांगतो. नोटेवरील आकडा सरकार ठरविते आणि तो सर्वांस मान्य करावा लागतो. माणसाचे मोल मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वागणुकीतूनच त्याला रोज कळत असते. ते काम आपल्याकडे आहे. ते विचारपूर्वक व्हावे एवढीच माझी प्रार्थना आहे.

बक्षीस मिळविलेल्या सर्व विद्यार्थ्यांचे मी मनापासून अभिनंदन करतो.